जायफळाची कॉफी, गवती चहा आणि त्यांचे गोड पदार्थ

कर्दळ

मंडळी, पाककृती विभागात कॉफी शोधली की कॅफेसारखी कॉफी घरी कशी करावी याचे धागे भरपूर निघतात. फेस कसा आणायचा, यंत्र कुठलं घ्यायचं, बर्फ किती घालायचा. पण साखरपुड्यापासून बारशापर्यंत प्रत्येक कार्याला आणि गाण्याच्या घरगुती बैठकीत मध्यंतराला आपण जी कॉफी पितो, दुधाची, जायफळ घातलेली, तिच्यावर कोणी सविस्तर लिहिलेलं दिसलं नाही. ही कॉफी म्हणजे एक पूर्ण, जमून आलेली चव आहे असं माझं ठाम मत आहे. श्रीखंडात आपण जायफळ घालतो, बासुंदीत घालतो, पुरणात घालतो. तिथे कॉफीही शोभते. कॉफीचं गोड करायचं म्हटलं की परदेशी पदार्थांकडेच बघायला हवं असं अजिबात नाही.

आधी मूळ कॉफी. चार जणांना, लहान कप धरून: तीन कप दूध, एक कप पाणी, पाच-सहा चमचे साखर. पाणी आणि साखर उकळली की दूध घालायचं. उकळी आल्यावर आच मंद करून चार-पाच मिनिटं दूध आटू द्यायचं, मधूनमधून डाव फिरवत, म्हणजे साय धरत नाही. या आटण्याने दुधाला थोडा दाटपणा आणि गोडवा येतो आणि या कॉफीला तो हवाच. मग गॅस बंद. तीन सपाट चमचे इन्स्टंट कॉफी दोन चमचे कोमट दुधात गुठळी न राहू देता कालवून ठेवलेली असावी, ती आता घालायची. कॉफी घालून उकळत ठेवली तर वास घरभर पसरतो आणि कपात कडवटपणा उरतो.

सगळ्यात शेवटी जायफळ. अख्खं जायफळ बारीक किसणीवर चार-पाच वेळा, पातेल्यावर धरूनच फिरवायचं. जायफळाचा सुगंध त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा असतो, म्हणून पूड करून डबीत भरून ठेवली की तो उतरत जातो. वेलची घालायचीच असेल तर एकच, नाही तर ती जायफळाला मागे सारते. झाकण ठेवून दोन मिनिटं मुरू द्यायचं आणि गाळून वाढायचं.

आता श्रीखंड. अर्धा किलो चक्का, साडेतीनशे ग्रॅम साखर, दोन चमचे इन्स्टंट कॉफी, ती विरघळण्यापुरतं दीड-दोन मोठे चमचे कोमट दूध, पाव चमच्याहून कमी किसलेलं जायफळ आणि चिमटीभर मीठ. चक्का आणि साखर कालवून तासभर झाकून ठेवा, साखरेला पाणी सुटलं की पुरणयंत्रातून काढा. कॉफी त्यानंतर. चक्का ताजा आणि गोडसरच हवा. आंबट चक्क्यात कॉफी घातली की दोघांचा आंबटपणा एकत्र येतो आणि श्रीखंड शिळं लागतं. केल्याबरोबर चाखाल तर कॉफी पुढे-पुढे करते, म्हणून किमान पाच तास फ्रीजमध्ये राहू द्या. वरून बदाम-पिस्ते नकोत. त्याऐवजी काजू तव्यावर कोरडे भाजून, भरड कुटून घाला. भाजल्याचा वास कॉफीच्या वासात मिसळतो.

बाकीच्यांनी आपापल्या घरचं लिहावं. चहाचे पदार्थही चालतील, मला चहातलं कमी कळतं.

सुरंगी

कर्दळताई, अगदी मनातलं लिहिलंत. आम्ही कुडाळजवळ राहतो, नारळाच्या बागेत जायफळाची झाडं आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जायफळाच्या 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जाती काढल्या, त्यामुळे आमच्या भागात बऱ्याच बागांतून ते आंतरपीक म्हणून लागलं.

फळ पिकलं की झाडावरच उकलतं. आत गडद तपकिरी कवच आणि त्यावर लालभडक जायपत्रीची जाळी. जायपत्री हाताने अलगद सोडवून सावलीत वाळवायची, वाळताना लाल रंग जाऊन ती पिवळसर होते. जायफळ कवचासकट वाळवतात आणि हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं की वाळलं समजायचं. विकत घेताना हातावर घेऊन बघा. आकाराच्या मानाने जड हवं, भोकं नकोत. कापलंत तर आत फिक्या भागातून गडद रेषा नागमोडी गेलेल्या दिसतील. तेल त्या गडद भागात असतं, म्हणून रेषा दाट असलेलं जायफळ वासाला चांगलं.

तुमच्या कॉफीत एक बदल सुचवते. दूध आटायला ठेवताना जायपत्रीची एक पाकळी टाका आणि कॉफी घालण्याआधी काढून घ्या. जायपत्री उकळी सोसते, जायफळाइतकी तीव्र नसते. मग शेवटी जायफळ निम्मंच लागतं.

आणि एक काळजीचं. जायफळ हे चिमटीनेच वापरायचं. चव आवडली म्हणून चमचा-चमचा घातलं तर मळमळ, चक्कर येऊ शकते. घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपा.

तुंगभद्रा

लेख आवडला, पण इन्स्टंटवर माझं दुमत नोंदवतो. लग्नानंतर बंगळुरूला आलो आणि सासरी फिल्टर कॉफी शिकलो. श्रीखंडात इन्स्टंट हवी हे मान्य, कारण तिथे पाणी नको असतं. प्यायच्या कॉफीला मात्र डिकॉक्शनच, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा दाट अर्क, घ्यावं. फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन-चार मोठे चमचे पूड, वरची चकती हलकेच टेकवायची, दाबायची नाही. नुकतं उकळलेलं पाणी कडेकडेने गोल ओतायचं आणि झाकण लावून विसरून जायचं. पाऊण तासात खाली दाट काळं डिकॉक्शन जमतं. पूड दाबून बसवली तर पाणी अडतं, भुसभुशीत राहिली तर भसाभस खाली येतं आणि पांचट लागतं.

चिकोरीबद्दल थोडं. ती कॉफी नव्हे, एका झाडाचं भाजलेलं मूळ असतं. तिच्यामुळे डिकॉक्शनला काळा रंग आणि दाटपणा येतो, म्हणून दुधाच्या कॉफीला ८०-२० मिश्रण चांगलं लागतं. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी असा नियम आहे आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते वाचूनच घ्या. गोड पदार्थाला मात्र बिनचिकोरीची कॉफी घ्या. चिकोरीचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो.

आता माझा आवडता पदार्थ, पांढरी कॉफी बासुंदी. लिटरभर म्हशीच्या दुधात मूठभर भाजलेल्या सबंध कॉफीबिया घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायच्या. दळायच्या नाहीत. सकाळी दूध गाळून घ्यायचं आणि नेहमीसारखी बासुंदी आटवायची. कॉफीचा सुगंध दुधाच्या स्निग्धांशात उतरतो पण रंग जवळजवळ येत नाही. वाटी पुढे आली की पाहुणे साधी बासुंदी समजून घास घेतात आणि थबकून परत वाटीत बघतात. साखर बेताची, आणि जायफळ कर्दळताई म्हणतात तसंच.

कर्दळ

तुंगभद्रा, पांढऱ्या बासुंदीची कल्पना फार सुंदर आहे. डिकॉक्शनचं पटलं, पण कार्याला पन्नास माणसं असतील तेव्हा एवढं डिकॉक्शन गाळत बसणं अवघड, म्हणून आपल्याकडे इन्स्टंट रुळली असावी. शिवाय आटवलेल्या दुधात आणि जायफळात फिल्टर कॉफीचे बारकावे झाकले जातात असं मला वाटतं. चांगली पूड तिथे खर्ची घालू नये.

सुरंगी, जायपत्री आजच आणते.

गाविलगड

कॉफी म्हटली की सगळे कूर्ग आणि चिकमंगळूरकडे बघतात. बाबा बुडन यांनी १६७० च्या सुमारास येमेनमधून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या ही कथा सगळ्यांना माहीत असते. पण मेळघाटात, आमच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्यालाही कॉफी होते हे महाराष्ट्रातल्याच लोकांना सांगावं लागतं. हजार मीटरच्या वर उंची, सावलीची झाडं, पाऊस भरपूर. लागवड मोठी नाही, पण फिरायला गेलात तर तिथली कॉफी विचारून घ्या आणि दूध न घालता एकदा प्या.

तीच कॉफी तुंगभद्रांच्या बासुंदीत वापरून बघतो. आमच्याकडे दूध घरचंच आहे.

पाणवठा

नमस्कार, वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा लिहितेय. दोन अडचणी आहेत. आल्याचा चहा करताना दूध कधी कधी फाटतं, आणि गुळाचा चहा तर हमखास फाटतो. दूध ताजंच असतं. सासूबाईंना साखर बंद आहे म्हणून गुळाचाच लागतो. कोणी सांगेल का?

रसशाळा

पाणवठा, दूध तुमचं चांगलंच आहे. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते प्रथिनं तोडतं. दूध कोमट ते चांगलं गरम असताना ते जोरात काम करतं, आणि उकळीच्या तापमानाला निकामी होतं. म्हणून आलं नेहमी पाण्यात घालून तीन-चार मिनिटं खळखळ उकळायचं आणि मगच दूध. दूध तापत असताना वरून कच्चं आलं किसून टाकलं की फाटण्याची शक्यता वाढते. सुंठीला हा त्रास सहसा होत नाही.

हाच गुण वापरून चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात एक गोड पदार्थ करतात आणि तो आपल्या घरी सहज होतो. जुनं, रेषाळ आलं किसून पिळून दोन चमचे रस वाटीत घ्यायचा. रसाच्या तळाशी पांढरा साका बसतो, ओतण्यापूर्वी तो ढवळून घ्यायचा. कपभर सायीचं दूध साखर घालून उकळायचं आणि सत्तर अंशांच्या आसपास येईपर्यंत थांबायचं. थर्मामीटर नसेल तर वाफा दिसताहेत पण बोट क्षणभरच टेकवता येतंय अशी वेळ. मग ते दूध थोडं उंचावरून एकदम रसावर ओतायचं आणि वाटीला हातही लावायचा नाही. दहाएक मिनिटांत खरवसासारखं थरथरतं दूध तयार. ढवळलंत तर मात्र बसत नाही. सोबत कोरा चहा द्या, फार चांगली जोडी आहे.

आता गूळ. गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात, आणि उकळत्या दुधात ते पडले की दूध फाटतं. कोरा चहा आलं-वेलची घालून पुरता उकळा, त्यातच गूळ विरघळवा, गाळा. दूध वेगळं उकळा आणि दोन्ही कपात एकत्र करा. एकत्र केल्यावर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. फिक्या पिवळ्या गुळापेक्षा गडद गूळ चहाला चवीनेही बरा.

पण सासूबाईंना साखर मधुमेहामुळे बंद असेल तर एक गोष्ट सांगायलाच हवी. गूळही रक्तातली साखर तसाच वाढवतो. डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.

पाणवठा

खूप आभार! संध्याकाळी आलं आधी उकळून चहा केला, छान झाला. गुळाचं डॉक्टरांना विचारते. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

पर्वतीपायथा

चहाचं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. पुण्याच्या अमृततुल्यांचा चहा घरी का होत नाही हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ही दुकानं बहुतेक राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी घातली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवली. जवळ उभं राहून बघा. पितळी पातेलं, खाली भडकलेली शेगडी, बाजूला खलबत्त्यात आलं-वेलची कुटण्याचा ठेका. दूध, पाणी, साखर एकत्र उकळत असतं आणि चहा पावडर पडली की तो माणूस डावाने चहा उंच उचलून परत सोडत राहतो. दोन-तीन उकळ्या, की थेट फडक्यातून किटलीत. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. घरी आपण एकदाच चहा टाकून गप्पा मारत उकळत ठेवतो आणि तिथे तुरटपणा येतो.

पावडरही बघून घ्यावी. आपला रोजचा दाणेदार चहा सीटीसी पद्धतीचा. पानं दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळवून गोळी करायची ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. दाणा बारीक म्हणून रंग आणि कडकपणा लवकर उतरतो, आणि दूध-साखरेला तो पुरून उरतो. दार्जिलिंगची पानं आणून त्यात दूध-आलं घालणं म्हणजे पानांवर अन्याय. ती कोरीच प्या.

गोडात चहा घालायचा तर मसाला चहाची कुल्फी. लिटरभर दूध आटवून जवळपास निम्मं करा. त्यातलं गरम अर्धा कप दूध वेगळं काढून त्यात दोन मोठे चमचे सीटीसी पावडर, कुटलेली वेलची आणि पाण्यात उकळून घेतलेलं आलं घाला, पाच मिनिटं झाका, उकळू नका, मग फडक्यातून घट्ट पिळून परत मिसळा. साखर शंभर ते सव्वाशे ग्रॅम. गार झालं की चव नेहमीपेक्षा किंचित जास्त गोड आणि जास्त कडक लागायला हवी, कारण गोठल्यावर दोन्ही कमी जाणवतात. साच्यात भरून रात्रभर फ्रीजरमध्ये.

मांडवी

गोव्यातून हजेरी लावते. आमच्याकडे संध्याकाळचा चहा पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्यावर ठरतो. सायकलवर मोठी टोपली, त्यात पोय आणि कांकणं. कांकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव, चहात बुडवला की मऊ होतो. गोड हवं तर बोलिन्हां: रवा, ओलं खोबरं, साखर, अंड्याचा पिवळा बलक आणि वेलची. साखरेच्या पाकात खोबरं-रवा शिजवून मिश्रण रात्रभर ठेवतात म्हणजे रवा फुगतो, दुसऱ्या दिवशी बलक आणि थोडं तूप मिसळून, चपटे गोळे करून, वर काट्याने रेघा ओढून भाजतात. बाहेरून कुरकुरीत, आत ओलसर. यांच्यासोबत दुधाचा गोड चहा जड होतो. गवती चहाची दोन-तीन पाती घातलेला कोरा चहा, लिंबू पिळून. खोबऱ्याचा तुपकटपणा लगेच धुतला जातो.

अबोली_

मुंबईतल्या पारशी शेजाऱ्यांकडे गवती चहा आणि पुदिना दोन्ही घालून चहा करतात, तोही करून बघा. पुदिना अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर.

गवती चहाच्या दुधाचा एक सोपा पदार्थ देते. अर्धा लिटर दूध, सात-आठ पाती गाठ मारून आणि मुसळीने ठेचून, साखर पाच-सहा चमचे. मंद आचेवर उकळी आणून पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पाती काढा. पाच ग्रॅम चायना ग्रास थोड्या पाण्यात भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळा आणि गरम दुधातच मिसळा. दूध गार असेल तर चायना ग्रासच्या लगेच गाठी होतात. वाट्यांत ओता. चायना ग्रास फ्रीजबाहेरही बसतं आणि उन्हाळ्यात टेबलावर वितळत नाही, ही त्याची मोठी सोय. वर पिकलेल्या आंब्याच्या फोडी. चहा पावडर अजिबात नको, फक्त पातीचा वास.

दूरदेशी

टोरांटोहून. चक्का इथे मिळत नाही, पण सायीचं ग्रीक योगर्ट पंच्यात बांधून रात्रभर टांगलं की जवळपास तसंच होतं. काल कॉफी श्रीखंड केलं. सोबत पुऱ्या. मुलीच्या कॅनेडियन मैत्रिणींनी वाटी पुसून खाल्ली.

२०२० च्या टाळेबंदीत सगळीकडे फेटलेली कॉफी चालू होती ती आठवते का? दक्षिण कोरियातून 'डालगोना' या नावाने आली, पण इन्स्टंट कॉफी आणि साखर कपात चमच्याने घोटून फेस आणणं आपल्याकडे त्याआधीपासून होतं. कॉफी, साखर, गरम पाणी समान चमचे. इन्स्टंटच लागते, फिल्टर कॉफीचा तसा फेस होत नाही. इन्स्टंटच्या त्या कोरड्या पुडीत फेस धरणारे घटक एकवटलेले असतात आणि साखरेने तो फेस दाट होऊन टिकतो. फिल्टर कॉफी त्या मानाने फार पातळ, शिवाय तिच्यात थोडं तेलही येतं, त्याने फेस बसतो. साखर कमी केली तर इन्स्टंटचा फेसही लवकर बसतो.

मी हाच फेस वापरून तिरामिसूच्या धर्तीवर एक पदार्थ करते. तिरामिसू हा थरांचा गोड पदार्थ मूळ इटलीतल्या त्रेविझोचा, १९७० च्या आसपासचा. त्यात कच्ची अंडी असतात, ती आम्ही टाळतो. एक वाटी चक्का, एक वाटी फेटलेलं क्रीम, फेटलेल्या कॉफीचे तीन मोठे चमचे, जायफळ. देशी दुकानात मिळणारे केक रस्क कोमट, बिनसाखरेच्या कडक कॉफीत जेमतेम बुडवून लगेच काढायचे, एक थर रस्क, एक थर क्रीम, वर कोको. खारी वापरू नका, तिचे पदर लगदा होतात.

निंबोणी

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं) धागा! वाचनखूण साठवली. हे श्रीखंड लहान मुलांना चालेल का? कॉफी असते म्हणून विचारते.

रसशाळा

निंबोणी, अर्ध्या किलो चक्क्यात दोन चमचे इन्स्टंट म्हणजे आठ जणांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला कपभर कॉफीतल्यापेक्षा बरंच कमी कॅफीन येतं. मोठ्यांना रात्री झोपेचा त्रास होत असेल त्यांनी दुपारच्या जेवणात घ्यावं. अगदी लहान मुलांना मी देणार नाही, त्यांच्यासाठी साधं श्रीखंड वेगळं काढून ठेवा, कॉफी शेवटी घालायची असल्यामुळे ते सोपं आहे.

चैत्रपालवी

उन्हाळ्याचं काहीच आलं नाही. कोरा चहा करून फ्रीजमध्ये ठेवला की माझा गढूळ होतो. चवीत फरक नसतो पण काचेच्या ग्लासात चांगला दिसत नाही. असं का?

रसशाळा

कडक चहा गार झाला की त्यातलं कॅफीन आणि तुरट घटक एकमेकांना धरून बारीक कण होतात, म्हणून गढूळ. चहा बिघडलेला नसतो, थोडं उकळतं पाणी घातलं की पुन्हा निवळतो. मुळात गढूळ होऊ नये असं वाटत असेल तर चहा गार पाण्यातच करा. लिटरभर पाण्यात चार-पाच चमचे पानाचा चहा, सीटीसी नको, सात-आठ तास फ्रीजमध्ये, मग गाळा. त्यात आमसुलाचं आगळ दोन चमचे आणि साखरेचा पाक घातला तर फार सुरेख रंग येतो. आंबटाने चहाचा रंग फिका होतो आणि आगळाचा लाल रंग उठून दिसतो.

कॉफीही अशीच करता येते. जाडसर दळलेली कॉफी एक भाग, पाणी आठ भाग, बारा ते सोळा तास फ्रीजमध्ये, मलमलीतून गाळायची. कडवटपणा आणि आंबटपणा दोन्ही कमी. या कॉफीत नारळाचं दाट दूध आणि गूळ घालून बघा. इथे उकळणं नसल्यामुळे फाटण्याचा प्रश्नच येत नाही.

तुंगभद्रा

नारळाचं दूध वाचून आठवलं, कॉफीची खोबऱ्याची वडी राहिलीच. दोन वाट्या ओलं खोबरं (करवंटीजवळचा काळा भाग नको), सव्वा वाटी साखर, अर्धी वाटी दूध, दोन चमचे इन्स्टंट कॉफी चमचाभर पाण्यात. खोबरं, साखर, दूध मंद आचेवर परता. मिश्रण कडा सोडू लागलं, पण अजून गोळा झालेला नाही, त्या वेळी कॉफी. आधी घातली तर तळाला करपून कडू होते. गोळा झाला की जायफळ, तूप लावलेल्या ताटात थापा, कोमट असताना वड्या पाडा. इथे वरून डिकॉक्शन नको, हे मीही मान्य करतो.

नवी_आजी

कर्दळताई, सगळा धागा वाचून काढला. पुढच्या रविवारी नातीचं बारसं आहे, घरीच, चाळीस माणसं होतील. पोहे आणि तुमची जायफळाची कॉफी ठरवली आहे. प्रमाण सांगाल का? आणि आधी करून ठेवली तर चालेल का?

कर्दळ

आजी, मनःपूर्वक अभिनंदन! बाळाचं नाव नंतर नक्की कळवा.

शंभर मिलिचे चाळीस कप म्हणजे चार लिटर. तीन लिटर सायीचं दूध आणि सव्वा लिटर पाणी घ्या, थोडं आटतं. साखर पाव किलो, वर थोडी हाताशी ठेवा. बिनचिकोरीच्या इन्स्टंट कॉफीची ५० ग्रॅमची एक बाटली पुरते. मध्यम आकाराचं अर्धं जायफळ, वेलच्या सात-आठ, आणि सुरंगीने सांगितलेली जायपत्री घालणार असाल तर तीन-चार पाकळ्या आणि मग जायफळ पावच.

पूर्ण कॉफी आधी करून ठेवू नका, पुन्हा तापवली की कडवट होते. दूध, पाणी, साखर सकाळीच उकळून, आटवून झाकून ठेवा. कॉफी एका वाटीत कोमट दुधात कालवून ठेवा. पाळण्याची गाणी सुरू झाली की दूध मंद आचेवर तापायला ठेवा. तळाला लागू नये म्हणून जाड बुडाचं पातेलं घ्या आणि एकाला डाव धरून उभं करा. नाव ठेवून झालं की गॅस बंद करा, कालवलेली कॉफी ओता, जायफळ किसा, दोन मिनिटं झाकण. थर्मास दोन असतील तर गाळून थेट त्यांत भरा, पण आधी ते गरम पाण्याने विसळून घ्या. काही पाहुण्यांना साखर चालत नसेल तर साखर घालण्याआधीच अर्धा लिटर दूध-पाणी वेगळ्या पातेल्यात काढून ठेवा.